धुरामागचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी इतिहास शिकलो आणि पुढे इंदूरच्या याच शाळेत तो विषय शिकविला. २१ डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई मी दरवर्षी फळ्यावर काढीत असे : क्षिप्रेची रेघ, होळकरांच्या तोफा, हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेचे बाण. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढ्या तोफा उडाल्यावर त्या धुरात समोरचे दिसत तरी होते का?" परीक्षा तोंडावर आली होती. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असे सांगून मी त्याला खाली बसविले. त्याचे उत्तर मला मिळाले ते निवृत्तीनंतर, परदेशात.

मुलाकडे अमेरिकेत गेलो असता, इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या खेड्यात सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय स्पर्धा पाहण्याचा योग आला. या छंदाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. सॅम्युएल कोल्ट यांना १८३६ साली अमेरिकेत रिव्हॉल्वरचे पेटंट मिळाले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात ही शस्त्रे सर्रास वापरली गेली. पुढे धातूची काडतुसे आली, १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि काळ्या दारूचे युग मावळले. तथापि काही हौशी मंडळींनी जुन्या बंदुका माळ्यावरून खाली काढल्या. १९३३ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत बनलेल्या कोल्टच्या प्रतिकृती बाजारात आल्या. १९६८ च्या अमेरिकी संघीय कायद्याने १८९८ पर्यंतची शस्त्रे आणि ठासणीच्या प्रतिकृती यांना बहुतांशी बंधनमुक्त ठेवले. आपल्याकडे मात्र ठासणीच्या बंदुकीलाही सामान्यतः परवाना लागतो.

एका वृद्ध गृहस्थांनी मला १८५१ च्या नमुन्याचे रिव्हॉल्वर भरून दाखविले. प्रत्येक घरात मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवून दांड्याने दाबायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असल्याने शिशाची बारीक कडी कापली जाते. एका घरातील ठिणगी दुसऱ्यात शिरू नये म्हणून वर चरबी लावायची आणि शेवटी मागे तांब्याच्या टोप्या बसवायच्या. सहा बारांसाठी एवढा खटाटोप! खेळ संपल्यावर गरम पाणी आणि साबणाने सारे धुवावे लागते, कारण जळालेल्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो आणि ओल शोषून लोखंड गंजवितो.

त्या दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. सोऱ्याचे नाव निघताच मला बिहार आठवला. तेथील नोनिया लोक खारट मातीतून सोरा काढीत. १८६१ च्या अखेरीस उत्तरेच्या सरकारसाठी हा हिंदुस्थानी सोरा खरेदी करण्यास द्यू पाँ घराण्यातील लामॉट इंग्लंडला गेले, तेव्हा ब्रिटिशांनी काही काळ त्याची निर्यातच रोखून धरली होती. दूरच्या त्या भाऊबंदकीत आपल्या मातीचाही अंश जळाला.

मग मीही एक बार उडविला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि पंचवीस पावलांवरचा कागद दिसेनासा झाला. वारा पडलेला होता. धूर हटेपर्यंत मी नुसता उभा राहिलो. समोर कागद होता, म्हणून थांबता आले. त्या धुरात माणूस असता, तर? हातात हौसेची वस्तू होती, पण तिचा घाट माणसे मारण्यासाठी घडविलेला होता, हे त्या क्षणी जाणवले आणि दुसरा बार उडविण्याची इच्छा उरली नाही.

त्या वेळी मला महिदपूर प्रथमच दिसले. माझ्या फळ्यावरील बाण किती स्वच्छ होते! प्रत्यक्षात नदी ओलांडणारा शिपाई आणि काजळलेल्या हातांनी तोफ पुन्हा भरणारा होळकरांचा गोलंदाज, दोघेही धुरात चाचपडत असणार. त्यानंतर सोळाच दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरचा तह झाला. तहाची कलमे मी मुलांकडून पाठ करून घेतली. धूर मात्र शिकविला नाही.

तो विद्यार्थी आज या सभागृहात असेल, तर त्याला एवढेच सांगतो : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. समोरचे दिसत नव्हते. अभ्यासक्रमाबाहेर तुझा प्रश्न नव्हता, मीच तो तेथे ढकलला होता.