दर्यातला दगडी बांध

आमची गोदामाय त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. तिथून मावळतीचा समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण माय त्याच्याकडं पाठ करते आन उगवतीला निघते, ती थेट बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळं आम्हा सायखेड्याच्या माणसांना नदीचा राग-लोभ कळतो, दर्याचा नाही. किल्ला म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं साल्हेर-मुल्हेर उभे राहतात. पाण्यातला किल्ला नुसता ऐकून ठाऊक.

द्राक्षं खुडून झाली होती, खरडछाटणी व्हायची होती. त्या मधल्या आठवड्यात पुतण्यानं अलिबागला नेलं. कुलाबा किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, आत मुक्काम करता येत नाही. म्हणून जवळच आक्षीला सुरूच्या बनाशेजारी तंबू ठोकले. रात्रभर लाटांची गाज चालू होती. मोटेच्या कुरकुरीवर झोपलेला मी माणूस, मला ती बरी वाटली.

ओहोटीला कुलाब्यात पायी जाता येतं, भरतीला होडी लागते. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती. कोळ्यांचा हा हिशेब तिथीवर चालतो, आमच्या जुन्या पेरणीसारखाच. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते, ओहोटी सकाळची मिळाली. ओल्या वाळूतून चालत गेलो.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, म्हणजे अगदी अखेरच्या दिवसांत, हा किल्ला बांधायला काढला. तो पुरा झाला संभाजी महाराजांच्या काळात. पुढं कान्होजी आंग्र्यांनी इथून दर्यावर हुकमत चालवली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले. बाजीराव पेशवे आंग्र्यांच्या मदतीला धावले. कुलाबा पडला नाही.

तोफा-तलवारींचं सगळे सांगतात. मी तटाशी जाऊन दगड बघत बसलो. एकेक धोंडा बैलगाडीएवढा, एकावर एक रचलेला, आन सांध्यात चुना नाही. पुतण्या म्हणाला, "आण्णा, चुना संपला होता काय यांचा?" मी म्हणालो, "बाबा, ही ताल आहे ताल!" आमच्या उताराच्या वावरात कोरड्या दगडाची ताल घालतात, ती अशीच. पाणी फटीत शिरतं, त्याचा जोर मोडतो आन ते निथळून जातं. पाण्याला निखळ अडवलं तर ते भिंतच उचलून नेतं. २०१९ च्या ऑगस्टात गोदेला महापूर आला, सायखेड्यात पाणी शिरलं. तेव्हा आमच्या ओढ्याकाठची एक नवी सिमेंटची भिंत सपाट आडवी झाली. तिच्याच पलीकडं माझ्या वडलांच्या हातची ताल दोन-चार दगड सांडून उभी राहिली.

सगळीकडं एकच रीत होती असंही नाही. मुरूडजवळच्या पद्मदुर्गाला चुना वापरलाय. तिथं लाटांनी दगड झिजला, पण मधला चुना तसाच शाबूत आहे. जिथं जसा दगड, जसा दर्या, तसं बांधकाम.

दुसरी गोष्ट पाण्याची. कुलाब्यात १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. शेजारी पुष्करणी, आन किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीरही आहे. सिंधुदुर्गात तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. चहूकडं खारं पाणी असताना वेढा पडला तर तोफ नव्हे, ही विहीर किल्ला जगवते. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगून राहतं. बेताबेतानं उपसलं तर पुरतं, हाव केली की खालचं खारं वर येतं. आमच्याकडं बोअर आटेपर्यंत मोटार चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुष्करणीच्या काठाला मात्र प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या होत्या. पोरांनी पिशवीभर गोळा केल्या. भरती चढायच्या आत परतायचं होतं, म्हणून निम्म्या तिथंच राहिल्या. तुम्ही मुक्कामाला गेलात तर तंबू दर्याच्या भरतीरेषेच्या वर ठोका, वेळ कोळ्यांना विचारा आन रिकामी बाटली माघारी आणा.