बडोदामार्गे बनारस

साल 1982. रात्री बॉम्बे सेंट्रलला गुजरात मेलमध्ये बसा आणि झोपमोड करून बडोद्याला उतरा. मोबाइल घरीच ठेवा. जे चित्र पाहायला निघालात त्याचा फोटो काढून चारचौघांत पाठवण्याची सोय अजून व्हायची आहे, आणि ते बरंच आहे.

दांडिया बाजारातून जाताना कानांवर मराठी पडली तर दचकू नका. गायकवाडांचं गाव आहे. कुणी विचारलं, कोणाकडे आलात, तर भूपेन खक्करांकडे म्हणा. चित्रकार म्हणूनच सगळे ओळखतील असं धरून चालू नका. हा गृहस्थ चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि एका कारखान्याचे हिशेब अर्धवेळ सांभाळतो. जन्म 1934 चा, मुंबईचा. चित्रकार गुलाममोहम्मद शेखांच्या आग्रहाने 1962 मध्ये इथे आला आणि इथलाच झाला. न्हावी, शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारा, अशी गिऱ्हाइकाची वाट पाहणारी माणसं त्याने कॅनव्हासवर आणली. त्यांच्याकडे तोवर फारसं कोणी चित्रविषय म्हणून पाहत नव्हतं.

आता चित्रापुढे उभे राहा. नाव आहे ‘टू मेन इन बनारस’.

डाव्या बाजूला दोन पुरुष उभे आहेत, विवस्त्र, एकमेकांच्या मिठीत. एकाचे केस पिकलेले. तो थेट खक्करांसारखा दिसतो. तुमची नजर आधी तिथे जाईल, मग संकोचून बाजूला सरकेल. सरकू द्या. चित्रकाराने तिची सोय करून ठेवली आहे. गडद निळ्या पार्श्वभूमीवर, मिठीच्या पलीकडे, तळहातावर मावतील एवढी माणसं आपापल्या कामात आहेत: साधू, भिकारी, पूजेला आलेले भाविक. काशीचा नेहमीचा दिवस चालू आहे. कोणी वळून बघत नाही, कोणी दगड उचललेला नाही. एकाच चित्रात अनेक प्रसंग नांदवण्याची ही रीत आपल्या लघुचित्रांतही आहे आणि खक्करांना आवडणाऱ्या सिएनाच्या जुन्या चित्रकारांतही. पण त्या रीतीचा असा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. नजर गर्दीतून हिंडून पुन्हा मिठीकडे येते तेव्हा तीही त्या गावातलीच एक गोष्ट झालेली असते.

शरीरं पाहा. ती शिल्पातल्यासारखी घोटीव नाहीत. वय झालेली, जरा अवघडलेली, आपल्या बिल्डिंगमध्ये जिन्यावर भेटतील अशी आहेत. प्रेम फक्त देखण्या तरुणांनी करायचं असतं हा आपल्या सिनेमाचा लाडका नियम. खक्करांना तो मान्य नाही. (कॅलेंडरं आणि दुकानांच्या पाट्या आवडीने पाहणारा हा माणूस, पण या बाबतीत कॅलेंडरवाल्यांचं त्याने ऐकलं नाही.)

हे सारं 1982 मध्येच का? घरात आणखी थोडा वेळ थांबलात तर उलगडेल. 1979 मध्ये खक्कर इंग्लंडला, बाथला शिकवायला गेले होते. तिथे पुरुषांच्या जोड्या उघडपणे राहताना त्यांनी पाहिल्या. 1980 मध्ये आई गेली. ती होती तोवर आपलं खरं तिच्यापासून लपवणं त्यांना भाग वाटत होतं. पुढच्याच वर्षी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ आलं: सज्जात पाठमोरा उभा असलेला नागडा माणूस आणि खाली बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट. सगळ्यांना खूश करायला निघालं की शेवटी गाढव खांद्यावर घ्यावं लागतं, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. खक्कर विसरले नाहीत. त्यानंतर बनारस.

एक लक्षात असू द्या. तुम्ही ज्या वर्षात उभे आहात तिथे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं कलम 377 लागू आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, पण यजमानांना सांगू नका.

परतीचा प्रवास भरभर होतो. 1984, पद्मश्री. 2003, बडोद्यातच खक्करांचा मृत्यू. 2016, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालय सांगतं की सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं प्रेम गुन्हा नाही. पुढच्या जूनमध्ये लंडनच्या लिलावात हे चित्र 25 लाख पौंडांहून अधिक किमतीला जातं.

खक्करांची चित्रं पाहायला आता कुठे जायचं, हा प्रश्न पडला असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयापासून सुरुवात करा. प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ हातात धरलेला खक्करांचा सत्तरच्या दशकातला माणूस तिथल्या संग्रहात आहे. त्याच्याही दोन्ही बाजूंना छोटे छोटे प्रसंग आहेत, फक्त मधे तो एकटा आहे. मांडलेला असेल तर त्याच्यासमोरून लवकर हलू नका.