जमालपूरचा रणसन्मान

कोहमाऱ्याच्या चौकात उभे राहा. पूर्वेकडे जाणारी मोठी सडक थेट कोलकात्याला पोहोचते. त्याही पलीकडे, आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर आहे. १९७१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ तेथे लढली.

गावात पाकिस्तानची ३१ वी बलुच पलटण खंदक खणून घट्ट बसलेली. आपल्या पलटणीने नदी ओलांडून पाठीमागचा रस्ता अडवला. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र धाडले. कर्नल सुलतान महमूदच्या उत्तराबरोबर आले काय, तर बंदुकीची गोळी! शत्रूचा असला, तरी बाणा होता बरे का.

१० डिसेंबरच्या रात्री त्याने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला. अंधारात हल्ल्यामागून हल्ले आले, पण मराठे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले.

पलटणीचे प्रमुख कर्नल ब्रार यांना वीरचक्र मिळाले. ते योग्यच झाले. परंतु मला मोलाचा वाटतो तो पलटणीला मिळालेला ‘जमालपूर’ हा रणसन्मान. पदक एकाच्या छातीवर लागते. रणसन्मानात मात्र रात्रभर दारूगोळा वाहणारा, ज्याचे नाव कोणी विचारले नाही, तो शिपाईगडीही आला.

पलटण पुढे निघाली ती ढाक्याच्या वाटेने. १२ तारखेला पुंगलीच्या पुलाशी ती आकाशातून उतरलेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीला भेटली. तीही मुळात मराठ्यांचीच!