रखमाबाई खटला : २,००० रुपये आणि न झालेला घटस्फोट #थ्रेड

१/ रखमाबाईंचा विवाह राणी व्हिक्टोरियाने रद्द केला, ही कथा समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. प्रत्यक्षात खटला मिटला तो जुलै १८८८ मध्ये, तडजोडीने. दादाजी भिकाजींनी २,००० रुपये स्वीकारले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. विवाह मात्र कायद्याच्या दृष्टीने अबाधित राहिला.

२/ या खटल्याची चर्चा बालविवाह, स्त्रीची संमती आणि टिळक-मलबारी वाद या अंगांनी पुष्कळ झाली आहे, आणि ते योग्यच आहे. पैशाची बाजू मात्र सहसा तळटीपेत राहते. ती वर आणली की खटल्याचे बरेच कोडे उलगडते.

३/ रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. समाज सुतार, त्यात विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. पण त्याआधी पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचे २ रे कलम पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या संपत्तीवरील हक्क सामान्यतः संपुष्टात आणत असे. त्या काळात आईने उचललेले हे पाऊल दूरदृष्टीचेच म्हणावे लागेल.

४/ अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह एकोणीस वर्षांच्या दादाजींशी झाला. दादाजींनी सासरी राहावे, शिकावे, त्यांचा खर्च सासरने करावा, अशी बोलणी होती, थोडक्यात, घरजावई. शिक्षण मागे पडले आणि दादाजी मामा नारायण धुरमाजी यांच्या घरी राहू लागले. पुढे कर्जही वाढले. रखमाबाई आईच्या घरीच वाढल्या, वाचत राहिल्या. दोघांचा संसार एक दिवसही झाला नाही.

५/ १८८४ मध्ये दादाजींनी आधी वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि मग मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’ची, म्हणजे पत्नीने नांदावयास यावे अशी. रखमाबाईंच्या उत्तरातील पहिलाच मुद्दा आर्थिक होता : वादी स्वतःचे आणि पत्नीचे पोषण करण्यास, तिला योग्य निवारा देण्यास असमर्थ आहे. दादाजींची प्रकृती आणि मामांच्या घरातील वातावरण हे मुद्दे त्यानंतर येतात.

६/ उलट दादाजींचे म्हणणे असे की, मालमत्ता हातची जाईल या भीतीनेच सासरची मंडळी मुलीला अडवून ठेवत आहेत. दोन्ही पक्ष एकाच मालमत्तेकडे बोट दाखवत होते, हे लक्षात घ्यावे. शास्त्राप्रमाणे आईवडिलांकडून मिळालेले धन ‘सौदायिक’ स्त्रीधनात मोडते आणि त्यावर पतीची सत्ता चालत नाही. पण कागदावरची मालकी आणि सासरच्या उंबरठ्याआड राहणारा ताबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

७/ सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. जे नांदणे कधी सुरूच झाले नाही, ते ‘पुनःस्थापित’ कसे करणार, असा त्यांचा रोख होता. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली.

८/ येथे थोडे थांबावे लागेल. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे २६० वे कलम असा हुकूमनामा न पाळणाऱ्यास कैद, मालमत्तेची जप्ती किंवा दोन्ही ठरवत होते. म्हणजे रखमाबाईंसमोर केवळ तुरुंगाचे दार नव्हते. आईने जपून ठेवलेल्या मालमत्तेवर जप्ती येण्याचा मार्गही कायद्यात खुला होता.

९/ आणि ज्या इंग्लंडमधून हा दावा हिंदुस्थानात आला (धर्मशास्त्रात असा दावा नाही), तेथील संसदेने १८८४ मध्येच या कारणासाठी होणारी कैद रद्द केली होती. तिच्या जागी ठरावीक मुदतीने रक्कम देण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकत असे. दावा ज्या वर्षी मुंबईत दाखल झाला, त्याच वर्षीची ही गोष्ट!

१०/ मग घटस्फोट का नाही? हिंदू विवाह मोडण्याचा कायदा तेव्हा नव्हता. अनेक जातींत मात्र रूढी होती : काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी आणि त्यानंतर पाट. काही ठिकाणी दुसरा नवरा पहिल्याचा लग्नखर्च भरून देई. जातपंचायतीसमोर हिशेब होई आणि बाई मोकळी होई. ब्रिटिश न्यायालये या रूढींकडे संशयाने पाहत. १८७६ च्या शंभू रघू खटल्यात तर विवाह रद्द ठरवून स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

११/ त्यामुळे १८८८ ची तडजोड विचित्र दिसते. पैसे फारकतीसारखे मोजले गेले, पण फारकत मिळाली नाही. दादाजींना दुसऱ्या विवाहास कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंनी तसे केले असते, तर दंडसंहितेचे ४९४ वे कलम लागू झाले असते. त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, १८९५ मध्ये परतल्या आणि सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

१२/ कायदा सावकाश हलला. १९२३ च्या दुरुस्तीने या हुकूमनाम्यासाठीची कैद गेली, जप्ती राहिली. १९४६ मध्ये हिंदू विवाहितेस विशिष्ट कारणांसाठी स्वतंत्र निवास व पोटगीचा हक्क मिळाला, १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट व कायमची पोटगी देशभर आणली. रूढीने मिळणारी काडीमोडही त्याच्या २९ व्या कलमाने राखली.

१३/ त्याच कायद्याचे ९ वे कलम मात्र वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सरोज राणी खटल्यात वैध ठरवले; हुकूम मोडल्यास उपाय राहतो तो मालमत्तेच्या जप्तीचा. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. डॉ. रखमाबाई त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत वारल्या.