नाव दुसऱ्याचं, रात्र मीरा रोडची

तारीख, वेळ नोंद नाही

नावाची चोरी धमकीच्या फोनच्या कितीतरी आधी झालेली असते. अमेरिकेतल्या कुणाचं तरी नाव, जन्मतारीख, पत्ता एखाद्या यादीत जातो. यादी विकली जाते, मग आणखी कुणी ती विकत घेतं. घरात कपाट जागच्या जागी, पाकीट खिशात. हरवलंय काय तेच माहीत नसल्यामुळे पोलिसांत जाणार तरी कशाला? या घटनाक्रमातली पहिली नोंद हीच, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच वाटते.

मंगळवार, 4 ऑक्टोबर 2016, संध्याकाळी 6.30

नवरात्र चालू आहे. या वेळी चर्चगेटकडून येणाऱ्या लोकल मीरा रोडला रिकाम्या होऊ लागतात. दिवसभर राबलेली माणसं घराकडे वळत असताना काही पोरं डबा घेऊन कॉल सेंटरच्या कामाला निघतात. न्यूयॉर्कमध्ये आता सकाळचे नऊ वाजलेत. सचोटीने चालणाऱ्या कॉल सेंटरची वेळही हीच, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वावगं वाटायचं कारण नाही. मुलगा रात्रपाळी करतो, फाडफाड इंग्रजी बोलतो, पगार घरी आणतो. त्यापुढे विचारावं असं कुठल्या आईबापांना सुचेल?

संध्याकाळी 7.30

टेक्सासमध्ये सकाळचे नऊ. इथली पोरं कागदावरची स्क्रिप्ट बोलू लागतात: अमेरिकन नाव, सरकारी हुद्दा, अमेरिकन धाटणीचे उच्चार. मी आयआरएसमधून, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यातून बोलतोय. तुम्ही कर बुडवलाय. आज भरला नाहीत तर अटक होईल.

चोरलेली माहिती पहिल्यांदा कामाला येते ती इथे. फोनवरच्या माणसाला आपलं नाव ठाऊक आहे, पत्ता ठाऊक आहे, म्हणजे तो खात्याचाच असणार, असं मन ठरवून टाकतं. राहिलेली माहिती मग घाबरलेला माणूस आपणहून देतो. माणूस पुरता घाबरला की फोन ‘क्लोजर’कडे जातो, म्हणजे पैसे वसूल करणाऱ्या मुरलेल्या गड्याकडे. तो फोन ठेवू देत नाही. बोलता बोलता त्या माणसाला दुकानापर्यंत नेतो, आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घ्यायला लावतो आणि मागचे 16 आकडे वाचून घेतो. आकडे वाचून झाले की पैसे गेले. कुठलंही कर खातं गिफ्ट कार्डात कर घेत नाही, हे शांत डोक्याने कुणालाही कळेल. ते डोकं शांत होऊ न देणं हेच क्लोजरचं काम.

रात्री 9.30

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. तिथल्या दोघांची हकीकत अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलेली आहे. ते फोन मीरा रोडचे नव्हेत, अहमदाबादच्या कॉल सेंटरांच्या खटल्यातले आहेत. पद्धत मात्र हीच.

सॅन डिएगोतल्या एका 85 वर्षांच्या आजींना अटकेची भीती घालून 12,300 डॉलर काढले गेले. त्याच दिवशी टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरात एका साथीदाराने त्या पैशाने भरलेलं कार्ड चालवून मनी ऑर्डरी विकत घेतल्या. हेवर्डच्या एका व्यक्तीला 20 दिवस पुन्हा पुन्हा फोन करत राहिले. तिने 276 कार्डं घेतली, 1,36,000 डॉलर घालवले. या 276 कार्डांशी मी प्रत्येक वेळी अडतो. दुकानाच्या इतक्या खेपांत तिला थांबवणारं कुणी भेटलं नाही.

आणि हा पैसा ज्या प्रीपेड कार्डांवर उतरवला जायचा, त्यांतली बरीच कार्डं भलत्याच लोकांच्या नावावर होती. आरोपपत्रानुसार अशी हजारो माणसं. त्यांना कुणी फोन केला नाही, कुणी धमकावलं नाही. त्यांची नावं मात्र म्हाताऱ्या माणसांच्या लुटलेल्या पैशावर शिक्क्यासारखी उमटत राहिली. पैसे गेलेल्या माणसाला निदान रडता येतं. नाव गेलेला माणूस त्या वेळी बाजारात भाजी घेत असतो.

त्याच रात्री

ठाणे पोलीस मीरा रोडच्या कॉल सेंटरांत शिरतात. सुमारे 200 पोलीस, 772 कर्मचारी ताब्यात. तेव्हाचे आयुक्त परमबीर सिंग. आकडा एवढा मोठा की चौकशी सकाळपर्यंत लांबते. अखेर 70 जणांना अटक होते, बहुतेकांना समज किंवा नोटीस देऊन सोडलं जातं. मुख्य आरोपी म्हणून पोलिसांनी नाव घेतलेला सागर ठक्कर ऊर्फ शॅगी तेव्हा हाती लागत नाही. एप्रिल 2017 मध्ये दुबईहून परतताना तो मुंबई विमानतळावर सापडतो.

त्या पोरांतल्या कितीकांची ती पहिलीच नोकरी असेल. पण त्यांना काहीच कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पलीकडे म्हातारं माणूस रडतंय हे हेडफोनमध्ये ऐकू येतं.

बुधवार, 5 ऑक्टोबर, पहाटे 5.30

कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाच. एरवी पाळी सुटायची ती या सुमारास.

मीरा रोडची ओळख त्या सकाळपासून देशभर वेगळीच झाली आणि इथे राहणाऱ्याला ती बोचते. हे भाडेकरूंचं गाव आहे. दर अकरा महिन्यांनी करार, आणि करार म्हटला की आधार, पॅन, फोटो. एक प्रत एजंटाला, एक सोसायटीला, एक पोलीस पडताळणीला. झेरॉक्सवाल्याकडे बिघडलेली प्रत तिथेच राहते. एजंटाच्या व्हॉट्सॲपवर आपल्या आधारचा फोटो वर्षानुवर्षं पडून असतो. अमेरिकेतली यादी कुठून आली असेल म्हणून नवल करणारे आपण, आपली यादी स्वतः पुरवतो.

मी आता प्रत्येक झेरॉक्सवर तिरकं लिहितो: फक्त भाडेकरारासाठी, खाली तारीख, सही. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार देतो, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय, लागेल तेव्हाच उघडतो. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर सापडला तर तिथेच कळवता येतं. 2017 पासून प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. आपण न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर बसलंय का, ते कळायचा एवढाच साधा रस्ता आहे. तो अहवाल मागवायला दहा मिनिटं लागतात, आणि ओळखीतल्या दहा घरांत विचारलं तर नऊ घरांनी तो कधी पाहिलेला नसतो.

27 ऑक्टोबर

ही एकच तारीख या गोष्टीत तीनदा येते. 27 ऑक्टोबर 2009 रोजी सुधारित माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि कलम 66सी आलं: दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळख लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. 27 ऑक्टोबर 2016 रोजी, मीरा रोडच्या छाप्यानंतर तीन आठवड्यांनी, अमेरिकेने 56 व्यक्ती आणि अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांवरचं आरोपपत्र उघड केलं. जुलै 2018 मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयाने त्यातल्या अनेकांना शिक्षा दिल्या, सर्वांत मोठी 20 वर्षांची. आणि 27 ऑक्टोबर 2024 रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं की कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही.

म्हणजे 2016 ची तीच स्क्रिप्ट. आयआरएसच्या जागी सीबीआय, कस्टम्स, मुंबई पोलीस. आवाजाच्या जोडीला व्हिडिओ कॉल, मागे खोटं पोलीस ठाणं. आणि तुमचा आधार क्रमांक ते तुम्हालाच वाचून दाखवतात.

असा फोन आला की पहिला तास

फोन कापायचा. घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सांगायचं. पैसे गेले असतील तर नातेवाइकांना विचारत बसण्याआधी सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक 1930 लावायचा आणि मग बँकेला कळवायचं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. सॅन डिएगोच्या आजींचे पैसे फ्रिस्कोत निघाले ते त्याच दिवशी.