धूमकेतूंचा पारधी

आकाशात शेंडेनक्षत्र उगवले की राजावर गंडांतर, ही समजूत आपल्याकडे होती तशीच युरोपातही होती. ही भीती केव्हापासून ओसरू लागली असे कोणी विचारले, तर मी १७०५ या सालाकडे बोट दाखवीन. त्या वर्षी एडमंड हॅलीने प्रतिपादन केले की, १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेले धूमकेतू तीन नसून एकच आहे, व तो १७५८ च्या सुमारास पुन्हा दिसेल. हॅली १७४२ मध्ये वारला. त्याच्यामागे प्रश्न उरला तो हा की, न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम धूमकेतूंनाही लागू आहे की नाही? याचा निकाल त्या एका पाहुण्याच्या येण्यावर ठरावयाचा होता.

पॅरिसमध्ये त्या पाहुण्याची वाट पाहणाऱ्यांत शार्ल मेसिए नावाचा एक तरुण होता. लॉरेनमधील एका गावातून १७५१ साली तो राजधानीत आला. वडील लहानपणीच वारलेले, शिक्षण बेताचे. जमेची बाजू एवढीच की अक्षर सुरेख आणि नकाशे काढण्यात हात बसलेला. दलील या वृद्ध ज्योतिर्विदाने त्याला नोंदी लिहिण्यासाठी ठेवून घेतले. पुढे दलीलने हॅलीचा धूमकेतू कोठे दिसेल याचा एक नकाशा आखला व तो मेसिएच्या हाती दिला. मेसिए रात्रीमागून रात्री त्या नकाशाबरहुकूम दुर्बीण फिरवीत राहिला. दुर्दैव असे की, नकाशाच चुकीचा होता.

याच काळात, २८ ऑगस्ट १७५८ रोजी, दुसऱ्याच एका धूमकेतूचा माग काढीत असता वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ त्याला एक पांढुरका ठिपका दिसला. आकार धूमकेतूसारखाच, पण धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो, हा मात्र जागचा हलेना. मेसिएने त्याची जागा मोजली, नोंद केली आणि तो पुढच्या शोधास लागला.

इकडे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही विदुषी, या तिघांनी गुरू व शनी यांच्या ओढीचा हिशेब मांडून नोव्हेंबर १७५८ मध्ये जाहीर केले की, धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल. चूक झालीच तर महिन्याभराची. प्रत्यक्षात तो १३ मार्चला आला. मात्र त्याला प्रथम पाहण्याचा मान पॅरिसला मिळाला नाही. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो टिपला होता. मेसिएला तो २१ जानेवारीला दिसला, तोही नकाशाबाहेर नजर टाकली म्हणून! आणि दलीलने त्याला ही वार्ता प्रसिद्ध करू दिली नाही. शिष्याने मुकाट्याने ऐकले. एप्रिलमध्ये बोलण्याची परवानगी मिळाली, तेव्हा पॅरिसमधील काही पंडितांना त्याच्या आधीच्या नोंदींवर विश्वासच बसेना.

दुसरा कोणी असता तर खचला असता. मेसिएने नोंदी थांबविल्या नाहीत. पुढे त्याने डझनावर धूमकेतू शोधले, आणि ज्या ठिपक्यांनी धूमकेतू शोधणाऱ्याची फसगत होते त्यांची एक यादी केली. १७८१ पर्यंत तीत १०३ नोंदी झाल्या. क्रमांक पहिला अर्थातच वृषभातील त्या ठिपक्याचा. १७९३ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, त्याने आणखी एक धूमकेतू शोधला. त्याची कक्षा गणिताने काढून दिली ती त्याचा मित्र सारों याने, तुरुंगातून. त्या गणिताच्या आधारे मेसिएने तो धूमकेतू पुन्हा गाठला. एप्रिल १७९४ मध्ये सारोंचा शिरच्छेद झाला.

आता त्या पहिल्या क्रमांकाचे काय झाले ते पाहू. १९२१ मध्ये डंकनने जुन्या-नव्या छायाचित्रांची तुलना करून दाखविले की, तो तेजोमेघ फुगत आहे. त्या वेगावरून १९२८ मध्ये हबलने मागे हिशेब केला, तो सुमारे ९०० वर्षांचा आला. चिनी बखरींत त्याच जागी १०५४ च्या जुलैत एक ‘पाहुणा तारा’ प्रकटल्याची नोंद आहे. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता! मेसिएचा ठिपका म्हणजे स्फोट पावलेल्या ताऱ्याचे अवशेष होते. ज्याला आज अतिदीप्त नवतारा म्हणतात, तो हाच प्रकार. १९६८ मध्ये त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे तीस फेरे घेणारा स्पंदक सापडला. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीही त्याचे स्पंद ऐकतात.

एवढ्यावर हे थांबत नाही. यादीतील ३१ वा ठिपका म्हणजे देवयानीची दीर्घिका. तीत १८८५ साली असाच तारा उजळला. ८१ व्यात १९९३ साली, १०१ व्यात २०११ आणि पुन्हा २०२३ साली. यांपैकी शेवटचा प्रथम पाहिला तो इतागाकी या जपानी हौशी निरीक्षकाने. नवा तारा ओळखण्यासाठी तेथे आधी काय होते हे ठाऊक असावे लागते. आणि ती ओळख ठेवण्याची शिस्त मेसिएच्या वहीत आहे.

ज्या धूमकेतूसाठी तो झुरला त्याचे श्रेय दुसऱ्याला गेले. जी केवळ अडचण म्हणून टिपून ठेवली तिने त्याचे नाव राखले. हवे ते दिसले नाही म्हणून दिसले ते त्याने खोडून टाकले नाही, हेच त्या साध्या लेखनिकाचे मोठेपण होय.