तिखाडीचें तेल आणि गुलाबाचें नांव

एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या एखाद्या गृहस्थानें तुर्की गुलाबाचें तेल म्हणून भारी मोल देऊन जी कुपी घेतली असेल, तींत खानदेश-निमाडाकडील गवताचा अर्क असण्याचा पुष्कळच संभव होता. हें विधान थट्टेचें वाटेल. पण त्या व्यापाराची हकीकत ऐकल्यावर तसें वाटणार नाहीं.

हें गवत म्हणजे आपली तिखाडी, उर्फ रोशा, संस्कृतांतील रोहिष. सातपुड्याच्या उतारांवर पावसाळा सरतां सरतां तें फुलावर येतें. तेलाचा मोठा अंश फुलोऱ्यांत असल्यामुळें कापणी त्याच वेळीं होई. भट्टी ओढ्याच्या कांठीं घालीत. मोठ्या हंड्यांत गवत व पाणी भरून झांकणाची सांध लिंपीत, आणि बांबूच्या नळीनें वाफ ओढ्यांत बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यांत नेत. तेलांतील मुख्य द्रव्य 230 अंशांच्या सुमारास उकळतें; तरी वाफेच्या संगतीनें तें 100 अंशांच्याही आंतच निघून येतें. थंड झाल्यावर पाण्यावर तरंगणारें तेल काढून घेत. भट्टीवाल्याला हें शास्त्र कोणी सांगितलें नव्हतें, पण विस्तव किती ठेवावा हें तो नेमकें जाणत असे.

हें तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेनें कॉन्स्टॅन्टिनोपलला जाई. तेथें त्याला 'इद्रिस याघी' म्हणत. लिंबाच्या रसाच्या पाण्याशीं घुसळून, उथळ भांड्यांत उन्हांत ठेवून, त्याचा रंग फिका करीत. पुढें, त्या वेळीं तुर्की अमलाखालीं असलेल्या बाल्कन पर्वताकडील कझानलिकच्या खोऱ्यांत, तें भट्टींत जाणाऱ्या गुलाबपाकळ्यांवरच शिंपडीत. मोह पडण्यासारखीच गोष्ट होती. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलें लागतात! गिऱ्हाईकही सावध असे. खरें गुलाबतेल त्यांतील वासहीन मेणामुळें थंडींत गोठतें. तिखाडीची भेसळ असली कीं उशिरां गोठतें. मग लबाडांनीं देवमाशाची चरबी घालून तीहि उणीव भरून काढली.

इकडे युरोपच्या पेठेंत तिखाडीच्या तेलाला 'इंडियन जेरॅनियम' असें नांव पडलें होतें. वस्तुतः जेरॅनियमच्या झाडाशीं या गवताचें कांहींच नातें नाहीं. 1871 सालीं ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें याच हिंदी तेलांतून एक शुद्ध द्रव्य वेगळें काढलें. त्याच्या रेणूंत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 18 आणि ऑक्सिजनचा 1 परमाणू असतो. त्याला नांव मिळालें जेरॅनिऑल. व्यापाऱ्यांची चूक अशा रीतीनें शास्त्राच्या ग्रंथांत कायमची जाऊन बसली.

पुढें हेंच जेरॅनिऑल खुद्द गुलाबाच्या तेलांतही सांपडलें. तेव्हां नाकाला फसविणाऱ्या त्या भेसळीचें रहस्य उलगडलें: दोहोंत एक मोठा भाग खरोखरच समान होता. माझ्या मतें म्हणूनच तिखाडीला नुसती तोतया म्हणणें अन्यायाचें आहे. लबाडी विकणाऱ्याची होती. अर्थात् गुलाब तेवढ्यानें होत नाहीं. 1970 सालीं गुलाबतेलांत डॅमॅसेनोन नांवाचें द्रव्य आढळलें. प्रमाण अगदीं नाममात्र, पण गंधांतील वांटा मोठा. तिखाडीचें तेल शिंपडणाऱ्याला त्याची भरपाई कशानेंही करतां आली नसती.